तानुबाईचा डावा डोळा

मी तोंडाची फटकळ आहे. हे मी लपवत नाही, आणि लपवून लपणार तरी कुठे? शिरपुरात कुणालाही विचारा, मिश्रीलाल शेठच्या घरची चंदनबाई कशी आहे. तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मगच तोंड उघडेल. या माझ्या तोंडामुळेच घरच्यांनी मला आम्हीच भरवलेल्या नेत्रशिबिरात बायकांच्या वॉर्डावर नेमलं. ऑपरेशन झालेल्या चाळीस-बेचाळीस बायकांना आठ दिवस पाठीवर पाडून ठेवायचं, कूस बदलू द्यायची नाही, हे काही गोड बोलणाऱ्या बाईचं काम नव्हे.

साल सत्तरचं, जानेवारी महिना. धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत गवत अंथरून त्यावर सतरंज्या टाकल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, डोकं हलू नये म्हणून. पलीकडच्या खोलीत डॉक्टर ज्ञानचंद ऑपरेशनं करायचे. ते धुळ्याचे. मुंबईला शिकले, तिथं चांगलं बस्तान बसत आलं होतं, तर सगळं सोडून इकडे परत आले. का आलात म्हणून मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिकडे डोळ्यांचे डॉक्टर खूप आहेत, चंदनबाई. इकडे वैदू खूप आहेत." दिवसाला पन्नास-पन्नास डोळे करायचा हा माणूस. चहा उभ्याउभ्या प्यायचा. शर्टाचं बटण तुटलंय याचाही पत्ता नाही. शेवटी मीच ओरडून ते लावून दिलं.

त्या वर्षी त्यांनी एक नवीन सळई आणली होती. ती बर्फापेक्षा गार करायची आणि मोतीबिंदूला नुसती टेकवायची. मोती तिला चिकटून अख्खाच्या अख्खा बाहेर यायचा. आणि टाके केसाहून बारीक. पूर्वी टाकेच घालत नसत म्हणे, नुसती पट्टी आणि देवाचं नाव. मी दारातून एकदा पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नाही. माणसाच्या हाताला हे जमतं, याचा.

तानुबाईला तिच्या पोरानं, भटूनं, बस स्टँडपासून पाठीवर बसवून आणलं. बाई पन्नाशीची, धडधाकट, चालता येत होतं. पण याचं म्हणणं, बाजाराचा दिवस आहे, गर्दीत तिला ठेच लागेल. अनेर नदीकाठच्या खेड्यातली माणसं. नवरा केव्हाच गेलेला, पदरी हा एकच. उजवा डोळा वैदूनं सुई घालून कायमचा घालवला होता. राहिला होता तो डावा.

"किती वर्षं झाली दिसत नाही त्याला?" मी विचारलं.

"दहा वरीस. हाऊ मना भटू चौदा वरीसना व्हता, तवय देखेल शे त्याले. आते मिशा उन्यात म्हणतस." असं म्हणून तिनं हात वर केला आणि सगळ्यांसमक्ष त्याच्या ओठांवरून बोट फिरवलं.

"राहू दे व माय," तो चोवीस वर्षांचा गडी लाजून लालेलाल झाला. लग्न ठरलं होतं त्याचं. पण मायला दिसायला लागल्याशिवाय बाशिंग बांधणार नाही, असं त्यानं पोरीच्या बापाला सांगून ठेवलं होतं. त्याच्या मिशा बऱ्या होत्या. डोळे आईसारखे, म्हणजे आईचे पूर्वी असतील तसे. मी नीट बघून घेतलं होतं, कशासाठी कोण जाणे.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि तिच्या कानाशी बसून सांगितलं, "माय, आठ दिवस हलायचं नाही. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. आणि रडायचं तर अजिबात नाही. टाका सुटला तर डोळा गेला, मग माझ्या हातात काही नाही."

"रडू कसाले?" तानुबाई म्हणाली. "आते तं हासाना दिन उनात. पट्टी सुटनी का पयले भटूले मनासमोर उभा करा. बाकी जग मंग देखसू."

आणि एवढं समजावून झाल्यावर, त्याच संध्याकाळी बाईच्या कमरेला मला तपकिरीची डबी सापडली! तपकीर! शिंकायचं नाही असं साहेब घसा कोरडा करून सांगतात आणि ही बया कमरेला तपकीर लावून झोपते. मी असा काही तोंडाचा पट्टा सोडला की पलीकडच्या वॉर्डातले पुरुषसुद्धा गप्प झाले. "डोळा फुकट आलाय का तुझा? पोरानं पाठीवर आणलं ते याच्यासाठी?" तानुबाई पट्टीखाली गालातल्या गालात हसत होती. "वं माय," शेजारणीला म्हणाली, "हाई बाई मनी सासूनी सासू शे." मलाही हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी भटू गुरांचं बघायला गावी गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्याच्या कापसाच्या गाडीवर बसून परत यायला निघाला. ओढ्यावरच्या फरशी-पुलाच्या उतारावर बैल बुजले, गाडी उलटली, आणि जूसकट सगळा भार त्याच्या छातीवर आला. सरकारी दवाखान्यात आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी तेव्हा वॉर्डात बायकांना पातळ शिरा भरवत होते. दारात एक माणूस टोपी हातात धरून उभा. तानुबाईचा धाकटा दीर, अभिमन. त्यानं मला खुणेनं बाहेर बोलावलं आणि सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका शांत होता की मला आधी ते कळलंच नाही.

"अक्का, वहिनीले लई जावाले उनू मी," तो म्हणाला. "तोंड देखाडनं पडी. मायले न देखाडता पोऱ्याले कसा जाळू?"

मी डॉक्टरांना बोलावलं. ते ओले हात तसेच वर धरून बाहेर आले. ऐकून भिंतीला टेकले. अभिमन म्हणाला, "साहेब, घडीभर पट्टी सोडा. तिनी त्याले दहा वरीस देखेल नही. एकदाव देखू द्या."

डॉक्टरांनी काहीही लपवलं नाही. म्हणाले, आज पट्टी सोडली आणि भिंग धरलं, तर तिला धुरकट काहीतरी दिसेल. नाक-डोळे ओळखू येतील की नाही, सांगता येत नाही. पण ती रडेल, आणि रडली की टाके जातील. दुसरा डोळा नाहीच. म्हणजे जन्माचा अंधार. "डोळ्याचं मी सांगितलं," ते म्हणाले. "आईचं मला सांगता येणार नाही."

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. अहो, माझ्याकडे का? मी कोण तिची? पण अभिमन हात जोडून म्हणाला, "अक्का, तुम्ही बाईमाणूस. तुम्ही सांगा, तसं करू."

मी म्हटलं, "नाही. तिला सांगायचं नाही. घेऊन जा त्याला."

खरं सांगू? आजही मला माहीत नाही, ते मी तिच्यासाठी बोलले की आणखी कशासाठी. आमच्या शिबिरातला एकही डोळा तोवर वाया गेला नव्हता. गावोगाव नाव झालं होतं. एक डोळा गेला असता तर वैदूंनी डांगोरा पिटला असता आणि पुढच्या साली खेड्यातली माणसं आलीच नसती. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. यायला नको होतं, पण आलं. आणि एक आई आत उताणी पडून पोराची वाट बघत होती.

फोटो तरी काढून ठेवावा म्हणून मी माणूस पळवला. गावात तेव्हा फोटोचं एकच दुकान, आणि त्याला कुलूप. फोटोवाला लग्नासाठी धुळ्याला गेलेला. अभिमन किती थांबणार? त्याच दुपारी त्यानं भटूला गावी नेलं आणि अनेरच्या काठी अग्नी दिला.

इकडे मी खोटं बोलायला लागले. आम्हा जैनांत खोटं बोलणं हे केवढं पाप, मी रोज सकाळी त्याचीच क्षमा मागते, आणि तिथं तासातासाला एकेक थाप. "भटू उना का, बाई?" "आला होता, तू झोपली होतीस." "आज उना का?" "बैल आजारी आहे गं, निरोप आलाय." मी तिच्या शिऱ्यात तूप जास्त घालायला लागले. तिचे पाय चेपले. चौथ्या दिवशी उशाखाली पुन्हा तपकिरीची डबी निघाली, कुण्या भेटायला आलेलीनं दिली असणार. मी ती चुपचाप काढून घेतली आणि पांघरूण नीट केलं.

पाचव्या दिवसापासून तिनं भटूचं विचारणंच सोडलं. मी मेली खूश झाले! वाटलं, देव पावला, बाईला पटलं. ती नुसती पडून असायची, ओठ मिटून, दोन्ही हातांनी सतरंजी गच्च धरून. डॉक्टर येऊन जायचे आणि म्हणायचे, "इतकी शहाणी पेशंट मी पाहिली नाही." असं म्हणून ते माझी नजर चुकवून पुढच्या बाईकडे वळायचे.

आठवा दिवस उजाडला. ओळीनं पट्ट्या सुटत होत्या. कुणी नातवाला बघत होतं, कुणी खिडकीतल्या उन्हाला. भिकुबाई म्हणून एक म्हातारी होती, ती स्वतःचेच तळहात उलटसुलट करून बघत होती आणि हसत होती. सारा वॉर्ड नुसता आनंदानं भरला होता आणि मी तानुबाईच्या उशाशी बसून वाळूच्या पिशव्या उगाच सरळ करत होते. अभिमन दाराशी उभा होता.

डॉक्टरांनी पट्टी सोडली. कापसाच्या बोळ्यानं पापणी पुसली, डाव्या डोळ्यापुढे जाड भिंग धरलं.

"माय, किती बोटं?"

"तीन."

"आता?"

"एक."

डोळा लागला होता. त्या डोळ्यानं तिनं पुढे चौदा वर्षं कापूस वेचला, तांदूळ निवडले, आपल्या हातानं सुईत दोरा ओवला. आणि तिला बघून तिच्या गावच्या, पलीकडच्या गावच्या कितीतरी बायका पुढच्या साली गाड्या जुंपून आल्या. वैदूला त्या भागात कुणी दारात उभं करेना. हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे.

तिनं हळूहळू मान वळवली. छत पाहिलं, खिडकी पाहिली. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"तुम्हीच का चंदनबाई?"

"हो."

"आवाज केवढा, अन् बाई एवढीशीच शे!"

आजूबाजूच्या बायका हसल्या. मीही हसले. आता पुढचा प्रश्न येणार होता. पाच दिवस मी त्याचं उत्तर जुळवत होते, आणि ऐन वेळी एक शब्द आठवत नव्हता. अभिमननं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बाई," तानुबाई म्हणाली, "भटूले कोठे जाळं?"

मी डॉक्टरांकडे बघितलं, मग अभिमनकडे. "कुणी सांगितलं तुला? कोण बोललं?" मी ओरडलेच.

"कोनीच नही." तिनं माझ्या हातावर हात ठेवला. "तुम्ही माले रागावनं बंद करं. तपकीरनी डबी सापडनी, तरी तुम्ही काहीच बोलन्या नहीत. तवयच माले समजी गयं."

"अगं, मग इतके दिवस... मग रडली का नाहीस गं तू?"

"रडतू तं डोया जाता. त्यानी माले पाठवर आनं, बाई. ते वाया कसं जाऊ देऊ?"

अभिमन कसाबसा म्हणाला, "नदीकाठवर, वहिनी. आपलाच गावमा." तिनं मान हलवली. मग डॉक्टरांकडे वळली. ते अजून भिंग तसंच धरून बसले होते.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "आते रडू का?"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं. टाके अजून पुरते भरले नव्हते, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रडा, माय," ते म्हणाले. "फक्त डोळा चोळू नका."

तानुबाईनं दोन्ही हात माझ्यापुढे केले. "धरी ठेवा, बाई," म्हणाली, "माले मना भरोसा नही." मी तिची दोन्ही मनगटं घट्ट धरली, आणि मग ती रडली.