केशवरावांची कवळी

भिवापूरची गोपिका बारावीनंतर वर्षभर घरीच होती. मग मामाच्या ओळखीने तिला रामदासपेठेतल्या डॉक्टर भैरवी मॅडमच्या दातांच्या दवाखान्यात मदतनिसाचं काम मिळालं. तिला शिकवायचं शोभाताईंकडे आलं. त्या तिथे अठरा वर्षं काम करत होत्या. कुठलं हत्यार कुठल्या ट्रेमध्ये ठेवायचं, पेशंटच्या तोंडातली लाळ नळीने कशी ओढायची, मॅडमनी हात पुढे करायच्या आत काय द्यायचं, हे सगळं त्यांनी दाखवलं. कवळी धुताना बेसिनमध्ये आधी ओला नॅपकिन अंथरायचा, हेही बजावलं. हातातून सुटली तरी मग फुटत नाही.

दहाव्या दिवशी शोभाताई रजेवर होत्या. त्याच दिवशी केशवराव आपली नवी कवळी बसवायला आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, सदर भागात एकटे राहणारे गृहस्थ. नात चिन्मयी हिचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. दोन वर्षं ते वरण-भात कालवून खात होते. लग्नाच्या पंगतीत मात्र त्यांना सगळ्यांसारखं जेवायचं होतं. गोपिकाचं नाव-गाव विचारून झाल्यावर हे त्यांनी तिला स्वतःच सांगितलं.

मॅडमनी कवळी धुऊन आणायला सांगितली. गोपिका घाईत होती, नॅपकिन शोधायला थांबली नाही. साबणाने बुळबुळीत झालेली कवळी तिच्या हातातून सटकली आणि बेसिनवर आपटली. नळ चालू होता, बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. तिने उलटसुलट करून पाहिलं. दात सगळे जागेवर होते. फक्त टाळूच्या भागात केसाएवढी बारीक रेघ होती. ती आधीचीच असेल, लॅबमधूनच आली असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. ते खरं नाही हे तिला तेव्हाही माहीत होतं. कवळी पुसून तिने मॅडमच्या हातात दिली. केशवरावांनी आरशात पाहिलं आणि लाजल्यासारखे हसले.

चौथ्या दिवशी ते परत आले. जेवताना टाळूला चिमटा बसत होता. नवी कवळी सुरुवातीला टोचतेच, म्हणून मॅडमनी कडा थोड्या घासून दिल्या. आठवड्याने पुन्हा आले तेव्हा टाळूवर फोड होता. आपल्याच तोंडाला सवय नाही, उगाच तुम्हाला त्रास, असं ते मॅडमना म्हणत होते. गोपिका त्यांच्या तोंडाशी नळी धरून उभी होती. ते गेल्यावर मॅडमनी लॅबमध्ये फोन लावला आणि कवळी बनवणाऱ्या रोहितला चांगलंच फैलावर घेतलं. काम नीट होत नसेल तर दुसरी लॅब बघते, म्हणाल्या. गोपिका शेजारच्या टेबलावर हत्यारं पुसत होती. आता बोलावं, असं तिला दोनदा वाटलं. पण नोकरी गेली तर भिवापूरला काय सांगायचं, हे सुचेना, आणि तोवर फोन ठेवलाही गेला.

लग्न झालं. त्यानंतर केशवराव आले ते कवळी रुमालात बांधूनच. खुर्चीवर बसून त्यांनी शांतपणे सांगितलं, की पंगतीत दोन घास घेतले आणि तोंडात रक्त आलं. पान तसंच टाकून उठावं लागलं. मुलाकडच्यांना वाटलं, आजोबांना सोयरीक पसंत नाही. चिन्मयीलाही तसंच वाटलं. पाठवणीच्या वेळी ती त्यांच्याशी धड बोलली नाही.

गोपिकाने हातातला ट्रे खाली ठेवला.

"माझ्या हातून पडली होती जी," ती म्हणाली. दवाखान्यात जपून बोलायची भाषा तिला त्या क्षणी आठवली नाही. "पहिल्याच दिवशी, धुताना. मले रेघ दिसली होती. मी सांगितलं नाही."

मॅडमनी कवळी दिव्याखाली धरून दोन्ही बाजूंनी दाबली. रेघ उघडली, मिटली.

केशवराव गोपिकाकडे वळले. "त्या दिवशी सांगितलं असतं, तर लग्नाआधी दुरुस्त झाली असती?"

"हो. दोन दिवसांत," मॅडम म्हणाल्या.

"बरं," ते म्हणाले आणि रुमालाची घडी घालू लागले.

ते रागावले असते तर तिला सोपं गेलं असतं.

मॅडमनी तिला काढलं नाही. मात्र रोहितला फोन तिलाच करायला लावला. तो म्हणाला, लॅबच्या मालकांनी मला तुमच्या दवाखान्याच्या कामावरून काढलंय, चूक तुमची होती हे त्यांनाही सांगा. तिने मालकांनाही सांगितलं. संध्याकाळी शोभाताईंना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काहून लपवलं वं?"

मग करून घेतलेली दुसरी कवळी चांगली बसली. दोन आठवड्यांनी, पेशंटची विचारपूस करायच्या निमित्ताने, गोपिकाने केशवरावांना फोन केला. टोचत नाही ना, तिने विचारलं. नाही, म्हणाले. चिन्मयी आणि जावई येऊन गेले होते, त्यांच्यासोबत ते पोटभर जेवले होते. मग म्हणाले, "कवळीला तडा गेला होता, एवढंच सांगितलं मी तिला. कुणामुळे, ते नाही सांगितलं."

गोपिकाने आभार मानले आणि फोन ठेवला. त्यांनी तिचं नाव सांगून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.