पाद्र्याला दिलेली चाल

पाद्रीसाहेबाने औषध दिलं नसतं तर तुळजा त्या पावसाळ्यातच गेली असती, हे येसाजी कुणालाही सांगायला कधी लाजला नाही. सुपे पेठ्यातला, त्या डोंगराळ तालुक्यातला, हिवताप म्हणजे काय चीज होती हे आज सांगून कळायचं नाही. पहिली मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. कुंभारवाडा गावाभोवतीच्या रानातल्या वाड्यांत घराआड एक माणूस कांबळं पांघरून कुडकुडत असायचं, आणि डॉक्टर म्हणाल तर दोन दिवसांच्या वाटेवर. बेळगावकडचा एक गोरा पाद्री त्या सुमारास लाकडाच्या डेपोवर उतरला होता. तो रोज चिखल तुडवत वाडीवर आला, कडूजहर पांढरी पूड तुळजाला स्वतःच्या हाताने पाजली, आणि पाचव्या दिवशी तुळजाने तोंड उघडून पेज मागितली.

तुळजा ही येसाजीची बायको. पण वाडीला ती नुसती येसाजीची बायको नव्हती. देवीचा भार तिच्यावर यायचा. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि कापणी झाल्यावर, सातेरीदेवीच्या मांडावर, म्हणजे तिच्या वारुळापुढच्या मोकळ्या जागेत, माणसं गोळा व्हायची. येसाजी घुमट घेऊन बसायचा. मातीचं मडकं, तोंडाला घोरपडीचं कातडं. ते वाजवत तो 'हाक' गायचा. हाकेची सात कडवी. चौथ्या कडव्याला तुळजाचं अंग थरथरायचं आणि देवी तिच्या तोंडाने बोलू लागायची. कुणाची म्हैस कुठे गेली, कुणाच्या पोराला काय झालं, यंदा कुठल्या बाजूचं रान पेरावं, सगळं सांगायची. मग येसाजी 'पाठवणी' गायचा. देवी आपल्या ठिकाणी जायची आणि तुळजा पुन्हा तुळजा व्हायची. दोन दिवस तिला हात उचलवत नसे, तिसऱ्या दिवशी ती हसत पाण्याला निघायची.

या दोन गाण्यांचा नियम लहान पोरालाही ठाऊक होता. हाक दिली की पाठवणी द्यायचीच, नाहीतर देवी त्या अंगातच अडकते आणि अंग जाळते. आणि देवी आलेली नसताना पाठवणी गायची नाही. न आलेल्या पाहुण्याला 'जा' म्हटलं तर तो वेशीबाहेर जातो, आणि मग तुम्ही गळा फोडून बोलावलं तरी माघारी वळत नाही.

तर तुळजा बरी झाली आणि ताकद भरावी म्हणून नंदिगड्ड्याला माहेरी गेली. येसाजी पाद्र्याकडे केळ्यांचा घड घेऊन गेला आणि पायाशी ठेवून म्हणाला, "सायबानू, माझं घर राखलासा. काय बी मागा."

पाद्र्याने मागून मागावं काय, तर गाणं! त्याच्याजवळ एक भोंग्याचं यंत्र होतं, त्यात मेणाची नळी फिरायची आणि भोंग्यात गायलेलं त्या मेणावर उमटायचं. आपल्या देवाची गाणी इथल्या लोकांच्या कानाला परकी वाटतात, ती इथल्याच चालींवर बसवायची असं त्याच्या मनात होतं. डेपोवरच्या माणसांनी त्याला सांगितलं होतं की येसाजीच्या घरातल्या चालीसारखी चाल उभ्या पेठ्यात नाही. ते खोटं नव्हतं.

येसाजी भोळा होता, पण खुळा नव्हता. त्याने रात्रभर विचार केला. देवीला बोलावतात ते शब्द; तिचं नाव, तिच्या वारुळाचं नाव, तिच्या सात बहिणींची नावं. ते शब्द द्यायचे नाहीत. नुसती चाल द्यायला काय हरकत? पाखरूसुद्धा शीळ घालतं, म्हणून देवी धावते थोडीच! असा हिशोब करून तो सकाळी भोंग्यासमोर बसला आणि हाकेची सातही कडवी नुसत्या 'ना ना ना'वर गायला. तुळजा नंदिगड्ड्याला होती, म्हणून काय घडतं ते कुणी पाहिलंच नाही. पाठवणी मात्र त्याने दिली नाही, नुसत्या चालीवरही नाही. इतकी अक्कल त्याला होती. पुढे तो म्हणायचा, माणसाला अर्धी अक्कल असू नये; असावी तर पुरती, नाहीतर अजिबात नसावी.

दुसऱ्या वर्षी लावणीच्या दिवसांत डेपोवर नवं यंत्र आलं. आता मेणाची नळी नव्हती, काळी तबकडी होती. बेळगावच्या शाळेतल्या पोरींनी पेटीच्या साथीवर गायलेलं गाणं तीत होतं. 'ये उजेडा, ये या घरा' असे शब्द. आणि चाल येसाजीच्या पणज्याची. पाद्र्याने ठेवलेला उमाजी मास्तर दर रविवारी डेपोच्या ओट्यावर ती तबकडी लावायचा आणि येशूची गोष्ट सांगायचा. गोष्टीला पाचपन्नास माणसं बसत, तबकडीला अख्खं खोरं कान देई.

तुळजा चिखलात वाकून रोपं लावत होती. वाऱ्यावरून ते गाणं आलं. ती सरळ झाली, हातातली रोपांची मूठ गळली आणि अंग थरथरू लागलं. बाजूच्या बायका ओरडल्या, "अगो बाई, भार आला गो! आज काय दीस हाय का?" बांधावरून येसाजी धावला. घुमट नव्हतं, त्याने गुडघ्यावर थाप देत पाठवणी गायली. देवी काहीच न बोलता गेली, पण तुळजा तीन दिवस उठली नाही.

पहिल्या रविवारी येसाजीला वाटलं, योगायोग. दुसऱ्या रविवारी त्याला कळलं, नुसत्या चालीलाही देवी येते. तिसऱ्या रविवारी तो सकाळपासून घुमट मांडीवर घेऊन तुळजाच्या समोर बसून राहिला. तुळजाने कानांत कापसाचे बोळे घातले होते. चार कडवी वाजली आणि बोळ्यांसकट तिचं अंग हललं.

"अवं, माझ्यावर आई कोपली का?" शुद्धीवर आल्यावर तिने विचारलं.

"न्हाई गो. तू नीज," येसाजी म्हणाला. चाल त्यानेच दिली हे तिला ठाऊक नव्हतं.

वाडीतला म्हातारा परशूआज्जा झाडपाला द्यायचा. त्याने तुळजाची नाडी बराच वेळ धरली आणि येसाजीला बाहेर बोलावून सांगितलं, "वरसाला दोनदा येनारी आई म्हैन्यात तीनदा आली तर हाडामांसाचं मानूस किती टिकनार? काळजाचा ठोका चुकतोय हिच्या. आनखी एक-दोन भार आले तर ही न्हाई ऱ्हायाची बघ."

येसाजी तसाच डेपोवर गेला. पाद्री त्या आठवड्यात आला होता. येसाजीने सगळं सांगितलं, आणि सांगताना तो रडला. पाद्री हसला नाही, ओरडला नाही. वाईट माणूस असता तर येसाजीला त्याच्यावर रागावता तरी आलं असतं. त्याने तुळजाची नाडी पाहिली होती, तिला पेज भरवली होती. त्याचेही डोळे भरले.

"येसाजी, मी ती तबकडी आजच पेटीत बंद करतो," तो म्हणाला. "पण तिच्यासारख्या शेकडो तबकड्या निघाल्या आहेत. त्या मी कुठून परत आणू?" मग जरा थांबून त्याने विचारलं, "तुझं ते दुसरं गाणं आहे ना, देवीला परत पाठवण्याचं? तेही यंत्रात गा. मी ते पहिल्यामागे लावायला सांगतो."

"सायबानू, ते जमायचं न्हाई. आई आलेली नसताना कुनी ते लावलं, तर आई गाव सोडून जाईल."

पाद्र्याने मान हलवली. त्याला ते पटलं की नाही देव जाणे, पण त्याने पुन्हा विचारलं नाही. तबकडी कुलपात गेली. उमाजी मास्तर रविवारी नुसती गोष्ट सांगू लागला आणि पाचपन्नासाची वीस माणसं झाली.

येसाजी घरी निघाला तो हलक्या मनाने. वाटेत ओंडके ओढणारी खानापूरकडची माणसं दिसली. दोर खांद्यावर, पाय चिखलात रोवलेले, आणि जोर लावताना सगळी एका सुरात म्हणत होती, 'ये उजेडा, ये या घरा.'

तोंडात बसलेल्या गाण्याला कुलूप कुठलं? ते आता सगळीकडे होतं. गाडीवान बैलांना सांगत होते, बायका पाणी शेंदताना गुणगुणत होत्या. वर्षातून दोनदाच ऐकायला मिळणारी चाल रोज फुकट मिळाली होती, आणि चाल तर अशी की दगडालाही गळा फुटावा. येसाजीने वाडीतल्यांचे पाय धरले. वाडीतली माणसं चपापली आणि गायची थांबली. डेपोवरच्यांना हात जोडले. एक जण म्हणाला, "अरे बाबा, गानं हाय, साप हाय काय ते?" दुसरा 'बरं बरं' म्हणाला आणि पाठ फिरताच गाऊ लागला. त्याने ते मुद्दाम केलं नव्हतं. ओठच गात होते. कुणाकुणाच्या तोंडावर हात ठेवणार होता येसाजी? त्याने तुळजाला घराबाहेर पडू देणं बंद केलं. मागचं दार लावून घेतलं, पुढच्या दारात स्वतः बसला. शेत तसंच पडलं. त्या महिन्यात तिला एकदा भार आला, रस्त्याने गेलेल्या एका गाडीवानामुळे. आणि ती इतकी खंगली की पाण्याचा तांब्या दोन हातांनी उचलू लागली.

एके दिवशी दुपारी येसाजी पडवीत सूप बांधत होता. आत जातं फिरू लागलं. तुळजा बऱ्याच दिवसांनी दळायला बसली होती. येसाजीला बरं वाटलं. जात्याबरोबर तिने हळूच सूर धरला, बायका धरतात तसा, स्वतःच्याही नकळत. येसाजीच्या हातातली बांबूची बेळं खाली पडली. ती तेच गाणं गात होती.

तो दारात उभा राहिला. तुळजाचा चेहरा किती दिवसांनी शांत दिसत होता. पहिलं कडवं झालं. हाक मोडू नये, पाठवणीशिवाय मध्येच थांबवली तर गाणाऱ्याचं अंग लुळं पडतं, असं वडील सांगत आले होते. दुसरं कडवं झालं. तो तिचा खांदा धरायला पुढे झाला आणि थांबला. धरावं तर चावतं, सोडावं तर पळतं. परशूआज्जाचे शब्द त्याच्या कानात होते. तिसरं कडवं अर्ध्यावर आलं.

येसाजीने पाठवणी सुरू केली.

देवी आली नव्हती. त्याला ते ठाऊक होतं. दोन पावलांवर तुळजा होती, आणि वेशीच्या आत अख्खी वाडी होती, वाडीची पोरंबाळं, गुरं, शेतं. तरीही तो शेवटच्या ओळीपर्यंत गायला, वडिलांनी शिकवलं तसं, एकही शब्द न गाळता. 'जा आई, मागं बघू नको.'

तुळजा गप्प झाली. जात्याचा खुंटा हातात तसाच धरून तिने वर पाहिलं.

"कुनाला पाटवताय वं? आई तर आली न्हाई."

"उगाच. घसा धरला होता," येसाजी म्हणाला.

त्यानंतर तुळजाला भार आला नाही. ओंडके ओढणारे गात राहिले, गाडीवान गात राहिले. ती ऐकायची आणि काम करत राहायची. गालांवर मांस चढलं. दोन हातांनी उचलायचा तांब्या ती एका हाताने उचलू लागली. परशूआज्जाने नाडी पाहिली आणि म्हणाला, "आईनं राखलं." येसाजीने मान खाली घातली.

शिमगा आला. मांडावर माणसं जमली. उमाजी मास्तरसुद्धा लांब झाडाखाली उभा होता. कुणाची गाय आजारी होती, कुणाची सून सासर सोडून गेली होती. सगळे आपापला प्रश्न घेऊन बसले होते. येसाजीने घुमट गरम करून घेतलं आणि हाक दिली. चौथं कडवं गेलं. सातवं गेलं. तुळजा डोळे मिटून मधोमध बसली होती, ताठ, अंघोळ करून, केस सोडून. येसाजीने पुन्हा हाक दिली. माणसं कुजबुजू लागली. तिसऱ्यांदा गाताना त्याचा आवाज फाटला, तरी तो गायला. लोकांना वाटलं, केवढी भक्ती!

कुणीही हललं नाही. ऊन मांडावरून सरकून गेलं. मग माणसं एकेक करून उठली आणि घरी निघाली. ज्याची गाय आजारी होती तो सगळ्यात शेवटी गेला.

तुळजाने डोळे उघडले. सुदृढ, भरलेल्या अंगाची तुळजा. तिने एकदा वारुळाकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि चोरी सापडल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"अवं," ती म्हणाली, "खरं सांगा. माझं काय चुकलं?"

येसाजीने घुमट फडक्यात गुंडाळायला घेतलं. एक गाठ मारली, मग तिच्यावर दुसरी.

"तुझं काय न्हाई गो," तो म्हणाला. तिने त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि पुढे सांगायचं बळ त्याला कधीच आलं नाही.