सांगाव्याचं शेपूट

मी अजिंक्यला लग्नाचं विचारलं, आणि त्याने उत्तरात त्याच्या जहाजावरच्या स्वयंपाक्याने सुरमईचा कसा सत्यानाश केला ते सांगितलं. चांगली चार मिनिटं. सुरमईत टोमॅटो घातला, वरून कसलासा पाला टाकला, आणि कॅप्टनने ते मिटक्या मारत खाल्लं. लग्नाबद्दल चकार शब्द नाही.

ही जूनमधली गोष्ट. आता सप्टेंबर संपत आला होता आणि मी त्या माणसाचं नाव टाकलं होतं. रविवारी दापोलीचा एक मुलगा मला बघायला येणार होता. त्याला मी हो म्हटलं ते निव्वळ अजिंक्यची जिरवायला. अजिंक्यला याचा पत्ताही नव्हता, पण जिरवणं म्हणजे जिरवणं.

आता विचारलं म्हणजे आमच्या रीतीने विचारलं. आमच्याकडे मुद्द्याचं बोलणं शेवटी. माणूस घरी येतो, पावसाचं बोलतो, म्हशीचं बोलतो, दोन कप चहा पितो, उठतो, पायरी उतरतो, चपलेत पाय घालतो आणि मग वळून म्हणतो, "बाकी, त्या बांधाचं काय करूया?" बांधासाठीच आलेला असतो मेला. तसंच मीही अजिंक्यला आधी हवापाणी सांगितलं, आरे-वारेला नवीन टपरी झाली ते सांगितलं, आणि अगदी शेवटी म्हटलं, "बाकी, डिसेंबरात उतरलास की घरी विचारायला ये. मी नाही म्हणणार नाही."

त्यावर सुरमई.

हे सगळं आम्ही 'सांगावा'वर बोलत होतो. रत्नागिरीला, मिरजोळ्याच्या एमआयडीसीत, काजूच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर, आमची सहा माणसांची कंपनी आहे. सांगावा हे आमचं अ‍ॅप. बोटीवर आणि आखातात असलेल्या माणसांना घरचे बोलून ठेवतात, आणि बोटीला नेट मिळालं की ते पोचतं. वाटेत कुणी ऐकू नये म्हणून प्रत्येक सांगावा कुलूपबंद होतो आणि ऐकणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. एन्क्रिप्शन लायब्ररी म्हणतात त्याला, आम्ही कुलूप म्हणतो. ते कुलूप मी लिहिलंय. जाहिरातीतली ओळही माझीच: एकदा पाठवलेला सांगावा कुणालाही बदलता येत नाही, पुसता येत नाही, आम्हालासुद्धा नाही. या ओळीचा मला फार अभिमान होता.

सुरमईचा धरून अजिंक्यचे अकरा सांगावे आले आणि माझे अकरा गेले. माझ्या प्रत्येकात वरून साखर आणि शेवटी चिमटा. "बाकी, तुझ्यापेक्षा आमच्या विहिरीतलं कासव हुशार." "बाकी, तुझं बोलणं ऐकलं की मला छान झोप लागते." एकाही चिमट्याला तो ओरडला नाही. त्यामुळे मी आणखी जोरात काढले.

बुधवारी मरियम चाची ऑफिसात आल्या. राजिवड्याच्या. त्यांचा मुलगा अद्नान तेलाच्या जहाजावर इंजिनियर आहे. चाचींनी सांदणांचा डबा माझ्या टेबलावर ठेवला, पावसाचं बोलल्या, माझ्या केसांचं बोलल्या, चहा घेतला, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"बाकी, तुझं कुलूप माझं बोलणं खातंय गो."

"कुलूप खात नाही, चाची. ते सांभाळतं."

"मग माझं शेवटचं बोलणं कोण खातंय?"

त्यांना परत बसवलं, तेव्हा कळलं. चाचींच्या डाव्या डोळ्याला आता दिसत नव्हतं, आणि उजव्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात करायलाच हवं होतं. घरात कुणाला सांगितलेलं नव्हतं, फक्त अद्नानला चार वेळा सांगून ठेवलं होतं की तू ये, तू आलास तरच मी टेबलावर चढेन. त्याने चारही वेळा बाकी सगळ्याला उत्तर दिलं होतं, याला नाही. आणि शनिवारी तो आणखी चार महिन्यांच्या करारावर सही करणार होता.

"पाचव्यांदा सांगा ना त्याला."

"नाय सांगणार. चार वेळा सांगितलंय ना मी? आईने भीक मागायची काय?"

"मुलगे असतातच तसे," मी म्हटलं. यात माझा स्वतःचा तीन महिन्यांचा अनुभव होता.

"तो तसा नाय," चाची शांतपणे म्हणाल्या. हे वाक्य मला झोंबलं, कारण जूनपर्यंत मीही एकाबद्दल हेच म्हणत होते.

त्यांची खात्री पटवायला मी म्हटलं, माझ्याच फोनवर एक सांगावा पाठवा, बघूया काय कमी पडतं ते. चाची खिडकीशी जाऊन दोन मिनिटं बोलल्या. माझ्या फोनवर तो सांगावा आला. माझ्या कामाचं कौतुक, सांदणं कोमट खा, आईला सलाम सांग, बाकी... आणि संपला.

"बाकीच्या पुढे मी काय बोल्ले?" चाचींनी विचारलं.

"काहीच नाही."

"बोल्ले. त्याला विचार."

खिडकीजवळ बसणारा हर्षद लाल झाला होता. हर्षद पुण्याचा, आमचं अ‍ॅप तपासणं हे त्याचं काम. तो चाचरत म्हणाला, "त्या म्हणाल्या, बोटीवरच्या त्या पोराशी काय ते एकदा ठरवून टाक, आईचा जीव टांगणीला लावू नको."

रत्नागिरीत कुलूप फक्त फोनला असतं. बाकी सगळं उघडंच.

चाची गेल्यावर मी कोड उघडून बसले, आणि गुरुवारी संध्याकाळी चूक सापडली. ती माझीच होती. मे महिन्यात जुन्या फोनवर सांगावे लवकर उघडावेत म्हणून मी एक बदल केला होता. बोलणं आंब्यासारखं पेट्यांत भरून जातं. ऐकणाऱ्याच्या फोनवर एकेक पेटी उघडायची आणि वाजवायची. माझा नवा कोड भरलेली पेटी तेवढी उघडत होता. शेवटची पेटी सहसा अर्धीच असते, ती तो तशीच बाजूला सारत होता आणि वर 'पूर्ण' असा शेरा मारत होता. जास्तीत जास्त आठ सेकंदांचा माल. आणि चपलेत पाय घालून बोलायला आठ सेकंद पुरतात.

"तू हे तपासलं होतंस ना?" मी हर्षदला विचारलं.

तपासलं होतं. पण हर्षद देशावरचा. तो मुद्दा पहिल्याच वाक्यात बोलून टाकतो आणि मग रेकॉर्डिंग बंद करायचं बटण शोधत बसतो. त्याच्या शेवटच्या आठ सेकंदांत खुर्चीची करकर सोडून काही नसायचंच. आणि बाकी कुणी तक्रार केली नाही, कारण उत्तर न देणं हेही आमच्याकडे उत्तरच धरतात. चार महिने अख्खा किनारा एकमेकांवर रुसून बसला असेल आणि प्रत्येकाला वाटलं असेल, समोरचाच आखडू.

मग मला सुरमई आठवली.

त्याने ऐकलंच नव्हतं. मी विचारलेलं त्या गाढवाने ऐकलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी गार सांदण तसंच तोंडात कोंबलं. चिमटेही ऐकले नव्हते त्याने, कासवसुद्धा नाही. हा आनंद फार तर दोन सांदणं टिकला. कारण बिघाड उघडण्यात होता, भरण्यात नव्हता. सगळ्या पेट्या जिथल्या तिथे शाबूत होत्या. कुलूप दुरुस्त झालं की जुने सगळे सांगावे शेपटासकट उघडणार. आधी माझं मागणं, त्यामागून रांगेने अकरा चिमटे.

दुरुस्ती पाच ओळींची. शेवटची पेटी आल्याची खूण दिसल्याशिवाय 'पूर्ण' म्हणायचं नाही, आणि अर्धी असली तरी उघडायची. ती मी आधी माझ्या फोनवर घातली आणि अजिंक्यची शेपटं ऐकायला बसले. 

सुरमईनंतर तो म्हणत होता, "बाकी, आईला सांग, मोटरचं बटण ओल्या हाताने दाबू नको."

दुसरं, "बाकी, आईला सांग, गोळ्या जेवल्यावर घे."

तिसरं कौलांचं, चौथं वासराचं, पाचवं परत मोटरचं. दहा शेपटं, दहा निरोप, सगळे त्याच्या आईला. मी काय पोस्टात कामाला होते? चिमटे थोडे कमीच काढले असं वाटायला लागलं.

अकरावा सांगावा वीस दिवसांपूर्वीचा. "बाकी..." आणि मग नुसतं इंजिन. "बाकी, डिसेंबरात उतरलो की आमच्या आप्पांना तुमच्याकडे पाठवू का? तेवढं सांग."

यावर मी काय पाठवलं होतं ते मला तोंडपाठ होतं. पाऊस बरा आहे, गणपती छान झाले, आणि शेवटी, "बाकी, तू डिसेंबरात नाही आलास तरी इथे कुणाचं काही अडत नाही."

मी डोकं टेबलावर टेकलं.

शुक्रवारी सकाळी हर्षद म्हणाला, "एक तारीख टाक ना. नवीन सांगावे पूर्ण उघडतील, जुने होते तसे राहतील. एका ओळीचं काम आहे." पुण्याची माणसं कधीकधी फार कामाचं बोलतात. मी ती ओळ लिहिलीसुद्धा. मग चाचींना फोन लावला.

"चाची, अद्नानला पाचव्यांदा सांगाल? एकदाच. पोचेल याची जबाबदारी माझी."

"नाय."

"चाची, तुमच्या डोळ्यांचा प्रश्न आहे."

"डोळा माझा हाय. चार वेळा बोल्लंय मी, ता शोधून काढ नि त्याला दे. तुझ्याकडेच ठेवलंय ना?"

माझ्याकडेच ठेवलं होतं, कुलूप लावून, मोठ्या अभिमानाने. मी ती ओळ पुसली.

निदान अजिंक्यला आधी समजावून सांगावं म्हणून नवा सांगावा बोलायला घेतला. आता मुद्दा पहिल्या वाक्यात, हर्षदसारखा. चार वेळा प्रयत्न केला. चारही वेळा 'कसा आहेस' म्हणून सुरुवात झाली आणि मी थेट पावसावर गेले. शेवटी नाद सोडला आणि दुपारी तीनला दुरुस्ती सगळ्यांच्या फोनवर सोडून दिली. 

शनिवारी दुपारी चाचींचा फोन आला. "सही केलीन नाय. मंगळवारी येतोय. आधी रडला, मग मलाच ओरडला, सरळ आधी का नाय सांगितलंस म्हणून."  मग हवापाण्याचं बोलल्या आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "बाकी, तुझं काय?"

माझं काहीच नव्हतं. शनिवार कोरडा गेला. त्याने सगळं ऐकलं असणार, कासवापासून शेवटच्या लाथेपर्यंत, आणि आता आमच्याकडच्या पद्धतीने गप्प बसून उत्तर दिलं असणार.

रविवारी सकाळी दापोलीचा मुलगा एसटीत बसल्याचा फोन आईला आला आणि ती पोह्यांच्या तयारीला लागली. त्याच वेळी माझा फोन वाजला. अजिंक्यचा सांगावा, साडेसात मिनिटांचा. मी मागच्या दारी विहिरीच्या कट्ट्यावर जाऊन बसले.

"हो," पहिलाच शब्द. "तुझ्या त्या कुलपाचा काय भरवसा नाय, म्हणून पहिलाच बोलून टाकतो. हो. आता तुझं एकेक घेतो."

आणि घेतलं त्याने. माझे अकराही चिमटे क्रमाने, प्रत्येकाला सव्याज परतफेड. कासवालाच दीड मिनिट. मी हसत होते आणि रडतही होते, आणि आतून आई मला हाका मारत होती. शेवटी तो थांबला. इंजिनाची घरघर.

"बाकी, आईला सांग."

आणि संपलं.

काय सांग? मोटर, गोळ्या, वासरू?  दुरुस्ती परत फसली होती. मी तिथेच कट्ट्यावर बसून पेट्या तपासल्या, दोनदा तपासल्या. शेवटची पेटी आली होती. खूणही होती. वाक्य तेवढंच होतं, आणि आई या वेळी माझी.

मी स्वयंपाकघरात गेले. आई कांदा चिरत होती. मी म्हटलं, "पाऊस उघडला वाटतं." मग पोह्यांत मीठ घातलंस का ते विचारलं. मग कोथिंबीर निवडून दिली, आणि दारापर्यंत जाऊन वळले.