राणीनं ‘तू’ म्हटलं तेव्हा

मित्रांनो, भांडुपच्या एका मराठी शाळेत, रंगमंचामागच्या लोखंडी कपाटात राहणारा मी एक जुना माइक. मुलुंडच्या छोट्या कारखान्यात माझी जुळणी झाली आणि तिथून मी थेट या शाळेत आलो. प्रार्थना, झेंडावंदन, बक्षिसांची नावं, सगळं माझ्यातूनच लोकांच्या कानांवर गेलं. शिपाई खंडूदादा मला मऊ फडक्यानं पुसायचे. मग बिनवायरचा नवा माइक आला आणि माझ्या वाट्याला कपाट आलं. वायर मुडपली, जाळीवर गंज चढला. कोणी दार उघडलं की वाटायचं, आज भंगारात जाणार.

या वर्षी पर्ल टीचरनी मला तालमीसाठी बाहेर काढलं. त्या मुलुंडच्या गावठाणातल्या. घरी मराठी बोलणाऱ्या, शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या. चारशे वर्षांपूर्वीच्या एका थोर इंग्रज नाटककाराच्या नाटकातला एक प्रवेश त्यांना नववीच्या मुलांकडून बसवून घ्यायचा होता. राजा भर दरबारात राणीवर खोटा आळ घेतो आणि राणी एकटी उभी राहून त्याला उत्तर देते, असा तो प्रवेश.

मुख्याध्यापक शिवदास सर कचरत होते. “या मुलांना साधं इंग्रजी जड जातं. हसं झालं तर पुढच्या वर्षी हे नको,” त्यांनी सांगून टाकलं.

पहिल्याच दिवशी विशालनं कागद बघून हात टेकले. “टीचर, हे इंग्रजीच आहे ना? वाट लागली आपली.”

“जुनं इंग्रजी आहे. तेव्हा त्यांच्याकडेही आपल्यासारखं तू आणि तुम्ही होतं,” टीचर म्हणाल्या. “हा ‘दाऊ’ म्हणजे तू. पुढे इंग्रजांनी तो टाकून दिला. त्यामुळे या ओळी तुम्हाला त्यांच्या मुलांपेक्षा लवकर कळतील.”

त्यांनी आणखीही सांगितलं. या माणसाचे कितीतरी शब्दप्रयोग लोक आज रोज वापरतात आणि ते कोणाचे हे त्यांना ठाऊकही नसतं. आपल्या मराठी रंगभूमीनंसुद्धा त्याची नाटकं कधीच आपलीशी केली आहेत.

मागच्या बाकावरून एक बारीक आवाज आला. “म्हणजे इथे राणी राजाला एकदम अरे-तुरे करते?”

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती रश्मी होती. मागच्या वर्षी इंग्रजी भाषणात ती अडली होती आणि सभागृह हसलं होतं. ते हसू मला कपाटात ऐकू आलं होतं. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला तिनं तोंड उघडलं नव्हतं.

“करते. का करत असेल?” टीचरनी विचारलं.

“चिडली म्हणून.” रश्मी थांबली. “नाहीतर, तो तिचा आहे म्हणून.”

टीचरनी राणीचं काम तिला दिलं. राजा झाला विशाल. आधी आपल्या भाषेत भांडायचं आणि मग नाटककाराच्या, असा टीचरचा नियम होता. मुलं मराठीत कडाकडा भांडायची. इंग्रजी सुरू झालं की रश्मीचा श्वास माझ्या जाळीवर थरथरायचा. मलाही धीर नव्हता. माझी वायर मधूनच खरखरायची. ऐन वेळी मी बंद पडलो तर पोरीला पुन्हा हसतील, या काळजीनं मी पोखरून निघालो होतो.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. दुसऱ्या रांगेत रश्मीची आई शकुताई बसली होती. नवा माइक निवेदकाकडे होता, म्हणून मला स्टँडवर लावून मध्यभागी ठेवलं होतं.

विशालनं आरोप केले. रश्मी पुढे आली. सुरुवातीच्या ओळी नीट गेल्या. मग राणी राजाला ‘तू’ म्हणते ती ओळ आली आणि रश्मी थांबली.

मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मागे कोणीतरी फिसकन हसलं. माझ्यातच बिघाड झाला असं समजून खंडूदादा मला बदलायला निघाले. पडद्याआडून टीचरनी हात करून त्यांना थांबवलं.

रश्मीनं विशालकडे पाहिलं आणि मराठीत म्हणाली, “तू मला ओळखतोस. इतकी वर्षं एका घरात राहिलो. तरी मला या लोकांसमोर उभं केलंस?”

मागचा हसणारा खुर्चीत सरळ बसला. ती विशालकडेच पाहत राहिली. मग तिच्या ओठांवर ती हरवलेली ओळ आली, ‘दाऊ’सकट, आणि पुढच्या ओळी तिच्यामागून येत गेल्या. मी एकदाही खरखरलो नाही. निदान मला तरी तसंच आठवतं.

टाळ्या संपल्यावर शकुताई रंगमंचापाशी आली. “टीचर, ते मधलं मराठी नाटकात होतं का हो?”

“होतं,” पर्ल टीचर म्हणाल्या. “इंग्रजीत होतं.”

शिवदास सर शेजारीच उभे होते. त्यांनी चष्मा पुसला. “पुढच्या वर्षी तालमी जरा लवकर सुरू करा,” एवढंच बोलून ते निघून गेले.

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटात आहे. माझी वायर गुंडाळताना ती मुडपू नका, जमलं तर जाळी पुसत जा. पण माझ्यापेक्षा माझ्यासमोर उभं राहणाऱ्याला जपा. तो मध्येच गप्प झाला तर हसू नका, त्याला वेळ द्या. त्या वेळी त्याच्या किती जवळ भीती उभी असते, ते मला ऐकू येतं.