माझ्या नाकाची लाल फीत

मित्रांनो, मी एक जुनं लढाऊ विमान आहे. जुनं म्हणजे किती, ते नेमकं सांगता येणार नाही. माझं नाक एका सालातलं, शेपूट दुसऱ्या सालातलं आणि चाकं तर भंगारात गेलेल्या एका भावाची. वय सरासरीनेच काढावं लागेल.

मी कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा बँड वाजला होता. मग मी हवाई दलात लागलो. सांगतील तिकडे जायचो, सांगतील ते टाकायचो आणि परत यायचो. खाली काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे नवी विमानं आली आणि मला एका चौकात खांबावर चढवलं. तिथे माझ्या तोंडात कबुतरांनी संसार थाटले. लोक पत्ता सांगताना म्हणत, "विमानाच्या डावीकडे वळा, पुढे दातांचा दवाखाना."

वाईट वाटलं का, असं तुम्ही विचाराल. नाही वाटलं. मला काही कळतं ते नाकावरच्या एका बारीक नळीमुळे. तिच्यात वारा शिरतो आणि आपण किती वेगाने चाललोय ते आत काट्यावर दिसतं. खांबावर असताना ती नळी कुणीतरी काढून नेली होती.

मला खाली उतरवलं ते एका बहीणभावाने. ताई विमानं दुरुस्त करते, धाकटा ती उडवतो. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी उघडा पडून राहिलो. माझे स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत होते आणि एक पंख भिंतीला टेकून उभा होता.

"कबुतरं गेली का रे सगळी?" ताई खालून विचारायची.

"गेली. सामान ठेवून गेलीत," धाकटा माझ्या तोंडातून सांगायचा.

त्यांनी मला नवी नळी बसवली. तिच्यात धूळ किंवा किडे जाऊ नयेत म्हणून जमिनीवर असताना तिला टोपण घालतात आणि टोपणाला लांब लाल फीत लावतात. ताईने टोपण माझ्या रंगाच्या चंदेरी कापडाचं शिवलं. फोटोत बरं दिसावं म्हणून. उडण्याआधी फीत दिसली की ओढायची, टोपण हातात येतं. फीत दिसली नाही तर कुणीतरी ओढलेली आहे. एवढी साधी रीत.

मग हवाई कसरतींचा दिवस उजाडला. प्रमुख पाहुणे आले, कात्री आली, तबक आलं. उद्‌घाटनाची फीत मात्र कुणी आणलीच नव्हती. कार्यक्रम भरवणाऱ्या मंडळाचे सचिव घामाघूम झाले. मग त्यांची नजर माझ्या नाकाकडे गेली.

"अहो, ही काय लावलेलीच आहे की!"

ताई तेव्हा इंधनाच्या टँकरपाशी होती आणि धाकटा बूट बांधत होता. पाहुणे कामाला चोख. त्यांनी फीत अगदी मुळापासून कापली. टाळ्या पडल्या. लाल फितीमुळे कामं अडतात, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. माझं काम ती नसल्यामुळे अडायचं होतं.

ताई माझ्याभोवती फिरली. नाकावर फीत नव्हती, आणि चंदेरी नाकावर चंदेरी टोपण उठून दिसत नव्हतं. धाकट्याने काढली असेल, असं तिला वाटलं. धाकट्याला वाटलं, ताईने काढली.

मी धावलो. वेगाचा काटा हलला नाही. तो काटा मुळातच आळशी, उशिरा उठायचा. धाकट्याने काचेवर दोन टिचक्या मारल्या. तोवर धावपट्टी संपत आली, थांबणं शक्य नव्हतं, आणि आम्ही हवेत होतो. बाहेर वारा असणारच. मला तो कळत नव्हता.

"ताई," धाकटा रेडिओवर म्हणाला, "नळीवरचं टोपण काढलंस ना?"



"मला वाटलं, तू..."

"बरं."

मित्रांनो, उतरताना वेग कमी पडला तर मी दगडासारखा पडतो. जास्त झाला तर धावपट्टी ओलांडून पुढे जातो, आणि पुढे माणसं खुर्च्या टाकून बसली होती.

"इंधन जाळ आणि घिरट्या घाल," ताई म्हणाली. आवाज सपाट होता, पत्रा ठोकून सरळ केल्यासारखा. "मी खेप्याला पाठवते."

खेप्या म्हणजे हवाई छत्रीने उड्या मारणाऱ्यांना दिवसभर वर नेऊन सोडणारा वैमानिक. त्याचं पंख्याचं विमान माझ्या शेजारी आलं.

"माझ्या पंखाला पंख लावून चल," तो म्हणाला. "माझा काटा चालू आहे. मी धीमा झालो, की तूही धीमा हो. पुढे पळू नकोस, लग्नाला नाही चाललोय."

"तुला हळू जाता येतं का पण?"

"आयुष्यभर दुसरं काय केलंय!"

आम्ही दोघं जोडीने खाली आलो. "पाहा, दोन पिढ्यांची ही गळाभेट!" निवेदक लाउडस्पीकरवर ओरडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. माझी चाकं टेकली. खेप्या तसाच वर निघून गेला. मी धावपट्टीच्या शेवटच्या टोकाला, गवतापाशी थांबलो.

ताई धावत आली. शिडी लावून वर चढली आणि तिने काच उघडली.

"उतर."

"हात सुटत नाहीये गं."

धाकट्याची मूठ दांड्यावर तशीच आवळलेली होती. ताईने ती सोडवली. एकेक बोट. सगळी बोटं सुटल्यावर तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिथेच शिडीवर उभी राहिली. लोक अजून टाळ्या वाजवत होते. मला काही वाटलं नाही, पण ती दोघं किती वेळ हलली नाहीत, एवढं लक्षात राहिलं.

तेव्हा मित्रांनो, मला बघायला जरूर या. पंखाला टेकून फोटो काढा. ओरखडा पडला तरी चालेल, रंग मिळतो. मला वाटेल तेवढे भाग नवे घालता येतात. आत बसणाऱ्याला येत नाहीत. म्हणून माझ्या अंगावरचं काही काढायचं, लावायचं किंवा कृपा करून कापायचं असेल, तर आधी ताईला विचारा. फक्त आत्ता नको. आत्ता ती कुणाशी बोलत नाहीये. उद्या या.