मूळ स्वभाव

वैद्यकीय मंडळाच्या खिडकीतल्या कारकुनाने कागद पुन्हा बाहेर सरकवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वाचा. 'सदर विकार अर्जदाराच्या मूळ स्वभावातील असून सेवेत दाखल होण्यापुर्वीचा आहे.' म्हणजे फौजेशी संबंध नाही. आणि संबंध नाही म्हटल्यावर फौजेच्या दवाखान्यात उपचार नाहीत. आता मी काय करू, सांगा."

टायपिस्टबाईंनी ओळ वाचली. कोर्टाच्या व्हरांड्यात बसून अठ्ठावीस वर्षं त्या लोकांचे अर्ज टाइप करत होत्या. कुठला मजकूर कुणी डोकं लावून लिहिलाय आणि कुठला नुसता भरलाय, हे त्यांना लगेच कळायचं. ही ओळ छापील होती. पेनाने लिहिलेलं होतं ते फक्त नाव आणि तारीख.

"ही ओळ सगळ्यांनाच देता का हो?"

कारकुनाने मागच्या माणसाला पुढे यायची खूण केली. त्याच्या हातातही तसाच कागद होता.

कागद बाईंच्या धाकट्या भावाचा होता. लहानपणी त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. सकाळी डोळे उघडले की जो सुरू व्हायचा तो जेवताना, आंघोळीला गेल्यावर दाराआडूनसुद्धा चालूच. याला बंद करायचं बटणच नाही, असं आई कौतुकाने आणि वैतागून म्हणायची. फौजेत तो अँब्युलन्स चालवायचा. पंधरा वर्षांनी घरी आला तो बोलणं तिकडेच ठेवून. त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती.

शाळेच्या व्हॅनवर नोकरी लागली होती, ती महिन्याभरात गेली. दर वळणावर तो गाडी थांबवून खाली उतरायचा, मागचं दार उघडायचा आणि एकेका मुलाच्या तोंडाकडे बघत राहायचा. मुलं घाबरून रडायची. घरीही तेच. दुपारी मुलगी झोपली की तिच्या नाकाशी तळहात धरून बसायचा. ती दचकून उठायची. मग तिने तिचा उपाय शोधला. सहा वर्षांची पोर डोळे मिटून, बापाला ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठमोठ्याने श्वास घेत पडून राहायची.

त्या दिवशी बाई कागद घेऊन भावाच्या घरी गेल्या, तर भावजयीने त्यांना स्वयंपाकघरात ओढलं आणि दार लोटलं.

"वन्सं, परवा त्यांनी मला फ्यूज बदलायला शिकवलं. काल गॅसची टाकी लावायला शिकवलं. तीनदा करून घेतलं माझ्याकडून."

"बरंच आहे की. कशात तरी मन लागतंय."

"आज कपाट आवरलं. सगळ्या कागदांवर चिठ्ठ्या लावल्यात. हे मुलीच्या शाळेचं, हे घराचं." तिने पदराने उगाचच ओटा पुसला. "आणि स्वतःचे चांगले चांगले कपडे खोक्यात भरलेत. म्हणाले, कुणाला तरी होतील."

बाईंनी लोटलेलं दार उघडलं.

बाहेर तो खिडकीपाशी उभा होता. बाई जवळ जाऊन म्हणाल्या, "कुठे निघालायस का रे?"

"नाही ताई," तो म्हणाला. "पसारा नको, एवढंच."

आवाज अगदी शांत होता. तो शांतपणाच बाईंना सोसेना.

दुसऱ्या दिवशी त्या त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथला डॉक्टर भला होता, पण म्हणाला की हे फौजेच्या दवाखान्याचं काम, त्यांच्याकडे याचे तज्ज्ञ आहेत. फौजेचा दवाखाना म्हणाला, वैद्यकीय मंडळाचा निकाल बदलून आणा. मंडळाच्या खिडकीतला कारकून म्हणाला, लेखी पुरावा आणा.

"कशाचा पुरावा?"

"हेच की ते आधी असे नव्हते."

बाईंनी अठ्ठावीस वर्षांत जन्माचे, मृत्यूचे, वारशाचे पुरावे जोडले होते. माणूस पूर्वी हसायचा याचा पुरावा कुठे मिळतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तरी त्या निघाल्या. शाळेतले मास्तर अजून होते. ऐकू कमी यायचं, पण नाव सांगताच त्यांचा चेहरा उजळला.

"त्याला बाकावर उभा केला, तर बाकावरूनही बोलत होता. मग वर्गाबाहेर काढला, तर शिपाई त्याच्या गोष्टी ऐकत थांबला आणि घंटा द्यायची राहून गेली. लिहून देतो मी. सही कुठे करू?"

फौजेत जाण्याआधी तो ज्या गॅरेजात होता, तिथल्या मिस्त्रीनेही सांगितलं. "गाडीखाली आडवा पडून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचा. लोक गाडी झाली तरी जायचे नाहीत. असा माणूस मुळात घुमा होता म्हणतात? कोण म्हणतं, त्याला पाठवा माझ्याकडे."

अशी सात निवेदनं झाली. पण मंडळाच्या दारात ताटकळताना बाईंनी आणखी एक काम सुरू केलं होतं. बाकावर बसलेल्या बायकांना, म्हाताऱ्यांना त्या विचारायच्या, तुमचा कागद बघू का जरा? पहिल्यांदा लोक फाइल छातीशी धरायचे. नंतर स्वतःहून दाखवू लागले. दोन महिन्यांत एक्केचाळीस कागदांच्या नकला जमल्या. वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या पलटणींतली माणसं, आणि ओळ तीच. 'पुर्वीचा' मधला पहिला उकारसुद्धा सगळीकडे तसाच ऱ्हस्व. बाईंनी अर्जात लिहिलं: एक्केचाळीस माणसांचा मूळ स्वभाव एकच असू शकतो, हे मंडळाने सिद्ध करावं, शुद्धलेखनाची चूकही एकच कशी, हेही कळवावं.

सुनावणीची तारीख लागली आणि पुढे गेली. सदस्य रजेवर. पुन्हा लागली, पुन्हा गेली. दुसऱ्या वेळी जिना उतरताना भाऊ मध्येच थांबला. "ताई, पुरे आता. तू दमलीस."

"मी कुठे दमले?"

"मी दमलो," तो म्हणाला.

तिसऱ्या तारखेला बाई सकाळी नऊलाच कार्यालयात जाऊन बसल्या. फौजेच्या दवाखान्याच्याच आवारात ती इमारत होती. भाऊ आणि भावजय दहाला येणार होते. साडेनऊला फोन वाजला.

"वन्सं, ते तुमच्याबरोबर आहेत ना?"

"नाही गं. तू नाहीस बरोबर?"

"सहाला उठले, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. मला वाटलं, सुनावणी आहे म्हणून. मी आंघोळीला गेले तेवढ्यात... घड्याळ आणि फोन टेबलावर ठेवलाय. एकाशेजारी एक, नीट."

बाई फाइल उचलून उठल्या.

"पोरीला शेजारी ठेवते," भावजय म्हणाली. "मी तळ्याकडे जाऊन बघते."

तळ्याकडेच का, हे एकीने विचारलं नाही आणि दुसरीने सांगितलं नाही.

बाई जिने उतरल्या. पायऱ्या संपता संपेनात. फाटकावरच्या चौकीत त्यांनी विचारलं, तर पहारेकऱ्याने जरा आठवून सांगितलं, "इस्त्रीचा शर्ट? ते मघाशीच आले. मागे अँब्युलन्स लागतात तिकडे गेलेत."

इमारतीमागे तीन गाड्या उभ्या होत्या. मधल्या गाडीत, ड्रायव्हरच्या जागेवर तो बसला होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर. गाडीचा ड्रायव्हर भिंतीला टेकून उभा होता.

"थोडा वेळ बसू द्या म्हणाले," तो हळूच बोलला. "चावी माझ्याकडे आहे, बाई. मी इथून हललो नाही."

बाईंनी आधी भावजयीला फोन केला. सापडला, एवढंच त्या म्हणाल्या. मग दुसऱ्या बाजूने चढून भावाशेजारी बसल्या.

"वर नाही येणार मी, ताई. टेबलामागे तिघं असतात. मला जमायचं नाही."

"मग इथे सांगशील?"

त्याने समोरच्या भिंतीकडे बघितलं. "इथे सांगेन."

बाई पुन्हा तीन जिने चढल्या. मंडळाचे अध्यक्ष म्हणाले, "अर्जदाराने समक्ष हजर राहावं असा नियम आहे."

"हजर आहे, साहेब. तीन जिने खाली."

"असं चालत नाही, बाई."

"अर्ज फेटाळायचाच असेल तर त्याला एकदा बघून फेटाळा."

तिघांतली सगळ्यात तरुण सदस्य डॉक्टर होती. एक्केचाळीस नकलांचा गठ्ठा तिच्यासमोर उघडा पडला होता. तिने पेनाला टोपण लावलं आणि उठली. "मी जाऊन येते. दहा मिनिटं."

पुढे बाई बसल्या, म्हणून डॉक्टर मागचं दार उघडून रुग्णाच्या बाकावर बसली. दार लागल्याचा आवाज होताच भावाची मान ताठ झाली. तो बोलेल असं बाईंना वाटेना. मग समोर बघतच तो बोलायला लागला.

"चार जण होते. पूल गेला होता, म्हणून लांबून वळसा घेतला. अकरा तास. बरोबरचा परिचारक मागेच राहिला, मी एकटा. त्यांना झोपू देऊ नकोस, बोलत राहा, असं सांगितलं होतं. बोलणं म्हणजे माझं कामच. विनोद सांगितले. ताई, तुझ्या लग्नात माझी पँट फाटली होती, ते सांगितलं. मध्ये मध्ये विचारायचो, ऐकताय ना? इंजिनाचा आवाज एवढा, मला वाटायचं हूं म्हणाले." तो थांबला. "पोचलो. दार उघडलं. तिथला डॉक्टर म्हणाला, हे सकाळीच गेलेत."

बाईंनी त्याच्या हाताला हात लावला. हात गार होता.

"मी दिवसभर कुणाशी बोलत होतो, ताई?"

 मग मागे न वळता, कोरड्या आवाजात त्याने विचारलं, "ऐकताय ना?"

"ऐकतेय," मागून डॉक्टर म्हणाली. "बोला."

दहा मिनिटांचा दीड तास झाला. वरून शिपाई दोनदा बोलवायला आला आणि काचेतून बघून परत गेला.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मूळ स्वभावाची ओळ खोडून तिथे 'सेवेमुळे' असं हाताने लिहिलं होतं. उरलेल्या एक्केचाळीस जणांची फेरतपासणी होईल असंही खाली होतं. कधी, ते नव्हतं. भावाला खाट मिळाली. आता तो थोडं बोलतो. कधी कधी दोन दोन दिवस बोलत नाही. सकाळी फोन वाजला की उचलण्याआधी बाईंचा हात अजून थबकतो.

व्हरांड्यातल्या टेबलाशी मात्र माणसं येऊ लागली. कुठून कुठून यायची, सगळ्यांच्या हातात तोच कागद. एका दुपारी एक वयस्क गृहस्थ आले. फाइल नव्या पिशवीत घडी न पडता ठेवलेली. बाईंनी मशीनला कागद लावला.

"मुलगा बरोबर नाही आला? सही त्याची लागेल."

"तो नाही आता," गृहस्थ म्हणाले. "चार महिने झाले."

बाईंचे हात कळांवरून खाली आले. "मग अर्ज कसला करायचा, काका?"

त्यांनी कागद काढून टेबलावर ठेवला आणि ओळ दाखवली. "मुळातच तसा होता, असं लिहिलंय. बाकी काही नको. तेवढं बदलून द्या म्हणावं."

बाईंनी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. खुर्ची जवळ घेतली.

"लहानपणी कसा होता, सांगा."

गृहस्थांनी चष्मा काढला, खिशात ठेवला. 

"झोपेत हसायचा," ते म्हणाले.

बाईंनी ते टाइप केलं.