पदरातले तीन फ्यूज

टेबलावरच्या पेटीचा हिरवा दिवा लागलेला होता. म्हणजे लाईट होती. आणि त्याच पेटीनं संघदीपच्या मोबाईलवर मेसेज पाठवला होता, ‘लाईट नाही. मोटार बंद.’

त्यानं पेटीला पुन्हा मिस कॉल दिला. ‘लाईट आहे.’ बरोबर. तिसऱ्यांदा दिला. ‘लाईट नाही.’ दिवा तर हिरवाच.

मानोऱ्यातलं हे मोटारदुरुस्तीचं दुकान त्याच्या वडिलांचं. देवमन मिस्त्रींनी पाने-पक्कड घेऊन ते तीस वर्षं चालवलं. ते गेल्यावर संघदीपनं स्वतः सी भाषेत प्रोग्राम लिहून ही पेटी बनवली. विहिरीवर बसवायची, घरून मिस कॉल द्यायचा, पेटी मेसेजनं हालहवाल कळवणार. एकतीस विहिरींवर ती लागली होती आणि गड्याला त्याचा केवढा तोरा!

त्यानं लॅपटॉप ओढून मेसेज तयार करणारं फंक्शन उघडलं. अक्षरं ज्या अ‍ॅरेत, म्हणजे मेमरीतल्या जागेत, जुळवली, तो फंक्शनच्या आतलाच, आणि शेवटच्या ओळीत तोच परत पाठवलेला. पण परत अक्षरं जात नाहीत, त्यांच्या जागेचा नुसता पत्ता जातो. फंक्शन संपलं की जागा मोकळी. आठवडी बाजारातल्या दुकानाचा पत्ता दुसऱ्या दिवशी कुणाला द्यावा, तसला प्रकार. इथं त्या जागी मागच्या मेसेजची शिळी अक्षरं येऊन बसत होती. प्रोग्राम तपासणारा कंपायलर दर वेळी हेच बजावत होता. ‘चालते ना, मंग कायले डोकं लावू,’ म्हणत या शहाण्यानं दोन वर्षं काणाडोळा केला होता.

दुरुस्ती दोन-चार ओळींची होती. मेसेज मागणाऱ्या कोडनं स्वतःची जागा फंक्शनकडे द्यायची, फंक्शननं तीत अक्षरं भरायची. मग ती मागणाऱ्याच्याच ताब्यात राहतात. तो टाईप करू लागला आणि मधेच हात थांबले. पेटी बसवलेल्यांपैकी दौलतरावांचा सकाळी फोन आला होता.

“मोटारीचा दोर तुटला गा. लाईट नाही असा मेसेज आला का उतरतो विहिरीत.”

त्या मोटारीच्या केबलचा जोड पाण्याखाली होता. जुना झालेला जोड, बदलू बदलू म्हणत राहिलेला; लाईट असली तर त्यातून पाण्यात करंट उतरणार. संघदीपनं फोन लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. दुकान तसंच उघडं टाकून त्यानं मोटारसायकलला किक मारली.

पोहरादेवीच्या रस्त्यानं तो कसा गेला, त्याचं त्यालाच कळलं नाही. डोळ्यांपुढे नुसतं विहिरीचं पाणी येत होतं, आणि त्यावर तरंगणारा दौलतरावांचा पांढरा दुपट्टा. एवढा तो जन्मात कधी भ्याला नव्हता.

विहिरीच्या काठावर दौलतरावांची बायको गोजराबाई एकटीच बसली होती.

“काकू, काका कुठं हायेत?”

“खाली. दोर बांधून राह्यले. कायले धापा टाकून राह्यला?”

“लाईट हाये, काकू! मेसेज खोटा हाये! वर बोलवा त्याईले!”

गोजराबाई जागची हलली नाही. तिनं मांडीवरचा पदर उघडला. आत मोटारीचे काढून घेतलेले चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज होते.

“लाईट असो का नसो. तुह्या बापानं सांगून ठेवलं हाये, मानूस खाली असला का फ्यूज घरच्याच्या हाती. तुही पेटी आली म्हून मी ते सोडलं नाही.”

पेटी बसवली त्या दिवशी ‘आता त्याचं काही काम नाही, काकू’ असं तो हसून म्हणाला होता. तिला आठवत असेल का? तो मातीतच बसला.

“कोन आलं वं?” विहिरीतून दौलतरावांचा आवाज आला. त्या आवाजानं संघदीपला रडू फुटलं.

“चूक माही हाये, काकू. पेटी मीच चुकीची बनवली.”

त्यानं डोळे पुसले, मोबाईल काढला आणि यादीतला पहिला नंबर लावला.

“दादा, देवमन मिस्त्रीचा पोरगा बोलून राह्यलो. पेटीवर भरोसा ठेवू नका. विहिरीत उतरायच्या आंधी फ्यूज काढा अन् घरच्याईजवळ द्या.”

अजून एकोणतीस नंबर होते. पुढचा लावताना, काहीतरी करावं म्हणून, त्यानं तिच्याकडे हात पुढे केला.

“द्या, मी धरतो ते.”

गोजराबाईनं पदर मुठीत आवळला.

“राहू दे बापू. त्याईले वर येऊ दे आंधी.”